परत न आलेली चरवी

दक्षिणेच्या खिंडीत धूळ उठली तेव्हा मी शेणी वेचत होते. टोपली निम्मी भरली होती आणि पाठ पूर्ण भरून आली होती. आधी वाटलं, वावटळ असेल. त्या वर्षी आमच्याकडं वावटळींना तोटा नव्हता. पाऊस तेवढा उन्हाळाभर वास देऊन निघून गेला होता. पण वावटळ उठते आणि बसते. ही धूळ बसेना. मग तिच्यातून उंट बाहेर आले, एकामागं एक पाच. त्यांच्या पाठीवर गेरचं, म्हणजे उठवून नेता येणाऱ्या तंबूघराचं, गोल छत, लाल दार, लोकरीच्या नमद्याच्या गुंडाळ्या, लोखंडी चूल. पुढच्या उंटाची दोरी धरून एक बाई चालत होती. मागं मेंढ्या, आणि सगळ्यात शेवटी मोटरसायकल ढकलत येणारा एक माणूस. पेट्रोल संपलं असणार.

मी दाताळं खाली ठेवून बघत राहिले. पुढं जातील, असं मनाला सांगत राहिले. पण विहिरीपाशी पहिला उंट गुडघे मोडून बसला.

विहिरीच्या वरच्या अंगाला, उन्हाकडं तोंड केलेल्या उतारावर आमचं हिवाळ्याचं गवत होतं. जूनपासून आम्ही ते राखलं होतं. आपलीच मेंढरं त्यात शिरली तरी माझा नवरा शागदार जेवणावरून उठून पळायचा. चार वर्षांपूर्वी बर्फावर पाणी पडून त्याची काच झाली होती. मेंढरांचे खूर फुटले, पण गवताला तोंड लागलं नाही. दीडशे मेंढ्या उभ्याच्या उभ्या गेल्या. मार्चमध्ये त्यांची कातडी मी सोलली, आणि हाताला लागलेला तो वास जूनपर्यंत गेला नाही. आता हे राखलेलं गवत ऑक्टोबरातच कुणी खाल्लं, तर येत्या मार्चमध्ये मला पुन्हा सुरी घेऊन बसावं लागणार होतं.

गेरमध्ये आले तर मामंजी दाराकडं कान लावून बसलेले. त्यांच्या डोळ्यांवर दोन वर्षांपासून पडदा आलाय, पण कान शाबूत आहेत, जरा जास्तच शाबूत.

"उंट आहेत," ते म्हणाले. "एक लंगडतोय. चहा ठेवलास का?"

घर उठवून निघालेली माणसं जवळून गेली, की ज्याचं घर जवळ त्यानं त्यांना गरम चहा न्यायचा. ती जवळपास उतरली तर चहाचं भांडं तिथंच ठेवून यायचं. दोन-चार दिवसांत ती ते परत आणतात, आणि रिकामं आणत नाहीत. आपल्या घरचं दही, चक्का, लोणी, जे असेल ते घालून आणतात. तिथून शेजार सुरू होतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. चालायला लागले तेव्हापासून आईच्या मागं असली भांडी घेऊन मी फिरले आहे.

मी चुलीत शेणी सारल्या. चहात दूध घातलं, मीठ घातलं, ओगराळ्यानं वर-खाली केला. तोवर शागदार घोड्यावरून उतरून आत आला. त्यानंही धूळ पाहिली होती. उंबरा ओलांडता ओलांडताच त्यानं विचारलं, चहा कुणासाठी.

"तू विचारतोस?" मामंजी म्हणाले.

"आबा, आपण चहा नेला की ते शेजारी झाले. शेजाऱ्याला ऊठ म्हणता येत नाही. विहीर आहे त्यांच्या पुढ्यात, तहानेनं मरत नाहीत. चहा नाही आला की समजतील काय ते, आणि जातील पुढं."

"ते जातील. आणि आपण कोण म्हणून राहायचं इथं?"

शागदारनं टोपी परत डोक्यावर चढवली. तो वाईट माणूस नाही. बावीस वर्षं मी त्याच्याबरोबर काढली आहेत, वाईट असता तर मी सांगितलं असतं. पण त्या मार्चनंतर त्याच्या आत काहीतरी आवळलं गेलं होतं आणि ते सुटत नव्हतं. तो बाहेर जाऊन न तुटलेला खोगिराचा पट्टा दुरुस्त करत बसला. मी चरवी भरली.

ही चरवी माझ्या लग्नात आईनं दिलेली. उंच, लाकडी, चार पितळी पट्ट्यांची. सकाळचा चहा तिच्यात दुपारपर्यंत गरम राहतो. ती सोडली तर घरात एक किटली आहे, उंटानं पाय दिल्यामुळं चेपलेली, तोटीतून गळणारी. त्या किटलीतल्या चहाला पत्र्याचा वास येतो असं शागदारचं म्हणणं. मला कधी आला नाही.

विहिरीपाशी मी घोडी लांबच थांबवली आणि "कुत्री धरा" म्हणून हाक दिली. कुत्रं एकच होतं आणि त्याला धरायची गरज नव्हती; ते उभं राहिलं आणि परत बसलं. गेरची जाळीची भिंत उभी करून दोघं तिला दोर आवळत होती. माणसाचं नाव रेंचिन, बायकोचं यांजमा. तिचं वय माझ्यापेक्षा दहा वर्षांनी कमी असेल, पण ओठ असे फुटले होते की हसताना तिनं हात लावला. दोघंही हातातलं काम टाकून, बाह्या खाली ओढून, माझ्यासमोर आली आणि दोन्ही हातांनी वाट्या धरून उभ्यानंच चहा प्याली. यांजमानं पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. दूध घातलेला चहा तिनं किती दिवसांनी घेतला असेल, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. माझं लक्ष त्यांच्या मेंढ्यांकडं होतं. शेपटीवरची चरबी जिथं गच्च असावी तिथं नुसती कातडी लोंबत होती.

रेंचिननं सांगितलं, ते तळ्याकडचे, नऊ दिवसांच्या वाटेवरचे. तळं या वर्षी आटलं. मेंढरं फक्त खालच्या सपाटीवर चारीन, उताराकडं जाऊ देणार नाही, राखलेलं गवत मला ओळखू येतं, तुमच्या घरच्या दादांना सांगा, असं तो दोनदा म्हणाला. मी चरवी ठेवली आणि परत फिरले.

दोन दिवस गेले. चार गेले. आम्ही मेंढरांच्या हिवाळ्याच्या वाड्याची दगडी भिंत रचायला घेतली होती. रोज सकाळी दगड वाहायचे, सांध्यांत ओलं शेण थापायचं, वारा कुठून शिरतो ते ओल्या बोटानं बघायचं. दुपारी सावलीला बसून मी किटलीतला चहा ओतायची आणि शागदार तोंड वाकडं करायचा.

"पत्रा," तो म्हणायचा. "नुसता पत्रा लागतोय. आपली चरवी कुठाय म्हणालीस?"

कुठाय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. सहाव्या दिवशी तो म्हणाला, चहा पचला, चरवीही पचलेली दिसते. आठव्या दिवशी म्हणाला, तळ्याकडच्या लोकांत भांडं ठेवून घ्यायची पद्धत असेल, चांगली आहे, दहा घरं फिरलं की संसार तयार. मी हसले नाही. खरं सांगायचं तर मलाही ते लागलं होतं. आमच्याकडं शेजाऱ्याचं भांडं कुणी असं ठेवून घेत नाही. ठेवून घेणं म्हणजे तुमचा चहा आम्हाला लागू नाही, तुमच्याशी आमचं काही नाही, असं तोंडावर सांगणं. मी नवऱ्याचा राग पत्करून चहा नेला होता आणि त्या बाईनं मला ही किंमत दिली होती.

दहाव्या दिवशी उताराच्या खालच्या कडेला मेंढरांच्या ताज्या लेंड्या सापडल्या. फार नव्हत्या, चुकून शिरलेल्या पाच-सहा मेंढ्यांच्या असतील. शागदारनं त्या बोटात धरून चुरल्या, माझ्याकडं पाहिलं आणि घोड्यावर बसला. परत आला तेव्हा त्याच्या खोगिराला विहिरीचा पोहरा बांधलेला होता.

ट्रकच्या ट्यूबचा काळा पोहरा, मामंजींनीच शिवलेला. ज्या विहिरीवर तो असतो ती विहीर कुणाचीच नसते. येणारा-जाणारा काढतो, पितो, पोहरा परत अडकवतो. शागदारनं तो आणून पेटीमागं टाकला. आपण पाणी पाजायला जाऊ तेव्हा घेऊन जाऊ, म्हणाला. त्यांनी आपलं बघावं.

मामंजींनी रबराचा वास ओळखला. काठीनं चाचपत ते पेटीपर्यंत गेले, वाकून पोहऱ्याला हात लावला आणि आपल्या जागेवर येऊन बसले. मी चहाची वाटी पुढं केली. त्यांनी ती घेतली नाही.

"विहिरीचा पोहरा ज्या घरात आहे, त्या घरात मी चहा घेणार नाही."

"आबा, हे तुमचंच घर आहे," शागदार म्हणाला.

"म्हणून तर."

आणि खरंच घेतला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. मांसाचं पाणी प्यायले, पीठ खाल्लं, चहाची वाटी आली की मान फिरवली. ज्याच्या अंगात रक्ताऐवजी चहा आहे असं आम्ही म्हणायचो, त्या माणसाचे हात दुपारपर्यंत थरथरायला लागले. शागदार त्यांच्याकडं बघायचा नाही. मीही किटली दाराकडं ठेवायला लागले, वास तरी नको म्हणून.

मग तिसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, चरवी परत आणायची. मागायला जाता येत नाही, ते फार हलकं दिसतं. म्हणून करडी घोडी हरवली असं मनाशी पक्कं केलं आणि त्याच करड्या घोडीवर बसून निघाले. हे वाटेत माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी हरवलेल्या घोडीचा रंग बदलून तांबडा केला.

विहिरीपाशी यांजमा एकटी होती. रेंचिन उरलेल्या मेंढ्या घेऊन लांब सपाटीवर गेला होता. तिनं दोन दोर जोडून टोकाला एक पातेलं बांधलं होतं, मांस शिजवायचं, लहानसं. ते ती विहिरीत सोडत होती. वर येताना ते दगडांवर आपटायचं आणि निम्मं पाणी परत खाली पडायचं. उरलेलं ती डोणीत ओतायची. डोणीचा तळही भिजायचा नाही तोवर वीस तोंडं त्यावर पडायची. शंभरावर मेंढ्या तिच्याभोवती रेटारेटी करत ओरडत होत्या. तिच्या तळव्यांना नमद्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या आणि त्या चिंध्या लाल झाल्या होत्या.

मी घोडीवरून उतरले. तांबड्या घोडीचं विसरून गेले.

"माझी चरवी आहे ना तुझ्याकडं," मी म्हणाले. "तिच्यात याच्या चौपट पाणी मावतं."

ती दोर ओढत राहिली. "ती तुमची आहे, ताई. चहाची आहे. तिच्यानं मेंढरांचं पाणी कसं काढू?"

पोहरा कुणी नेला ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आम्हा दोघींना ठाऊक होतं. मला लाज वाटली, म्हणून बाह्या वर केल्या आणि दोराला हात घातला. एकीनं ओढायचं, दुसरीनं ओतायचं आणि मेंढ्या मागं लोटायच्या. पाणी बोटं बधिर करणारं गार. तासाभरात माझ्या हाताची साल निघाली, आणि ती तर दोन दिवस हे करत होती. ऊन डोक्यावर आलं तेव्हा शेवटची मेंढी तोंड वर करून बाजूला झाली.

यांजमा म्हणाली, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला.

आत गेल्यावर माझी नजर आधी समोर गेली. पेटीवर, देवांच्या शेजारी, घरातल्या सगळ्यात मानाच्या जागी माझी चरवी ठेवलेली होती. पितळी पट्ट्या राखेनं घासून अशा चकचकीत केल्या होत्या की माझ्याकडं त्या इतक्या कधीच नव्हत्या. झाकण उघडं होतं. आत काही नव्हतं.

तिनं चहा केला. काळा. दुधाचा थेंब नाही. डावा हात उजव्या कोपराखाली धरून तिनं वाटी मला दिली, खाली बघत. मग ताटली पुढं केली. ताटलीत सुकवलेल्या चक्क्याचा एकच खडा होता, पिवळा पडलेला, दगडासारखा. कोण जाणे किती पाहुण्यांपुढं तो आला असेल. मी तो उचलला, ओठांना लावला आणि परत ठेवला. तिनं श्वास सोडला ते मला ऐकू आलं.

तेव्हा मला सगळं उमगलं. त्यांच्या एकाही जनावराला दूध नव्हतं. दही नाही, लोणी नाही, घालायला काही नाही. आणि रिकामं भांडं परत न्यायचं कसं? त्यापेक्षा लोकांनी चोर म्हटलं तरी चालेल, असं या दोघांनी ठरवलं होतं. रोज चरवी घासायची, रोज तिच्याकडं बघायचं, आणि उद्या काहीतरी होईल म्हणायचं. आणि मी दहा दिवस त्या बाईला मनातल्या मनात नावं ठेवत होते.

राहू दे, रिकामीच दे, असं म्हणाले असते तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. मी चहा पिता पिता विचार करत होते. या घरात असं काय आहे, जे माझ्याकडं नाही? मी भिंतीकडनं भिंतीकडं बघितलं. दाराशेजारी एक गोणी होती, तोंड नीट न बांधलेली. त्यातून पांढरं काहीतरी सांडलं होतं.

"ती तुमच्या तळ्याची खारी माती का गं?"

"हो ताई. मेंढरांना चाटायला आणली. तळं आटलं, आता तेवढंच उरलंय आमच्याकडं."

आमच्या खोऱ्यात खारी माती नाही. ती चाटायला मिळाली की जनावर खरखरीत गवतही आवडीनं खातं, पाणी पितं, अंगावर धरतं. दर शरदात शागदार तीन दिवसांच्या वाटेवरून ती आणायचा, पण या वर्षी गवत राखण्याच्या नादात तो कुठं हललाच नव्हता.

"मला थोडी हवी होती," मी म्हणाले. "मागायला लाज वाटते. पण आमची मेंढरं दगड चाटत फिरतायत."

ती माझ्याकडं बघत राहिली. "चहाच्या भांड्यात माती कशी घालू, ताई?"

"फडक्यात बांधून घाल. पण गच्च भर. मी घरी जाते, तू आणि रेंचिन घेऊन या. माझ्याकडं वाटीभरही नाही."

तिनं मान हलवली. मग तोंडावर बाही धरली आणि रडली, थोडंसंच. मीही रडले. नंतर दोघी हसलो, कारण बाहेर मेंढी शिंकली आणि आम्ही दोघी दचकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरून हाक आली, कुत्री धरा. शागदार घरातच होता. मी त्याला मुद्दाम दोर वळायला बसवलं होतं. रेंचिननं चाबूक दाराबाहेर छताच्या दोरीत खोवला, बाह्या खाली केल्या, उंबऱ्याला पाय न लावता आत आला. मामंजींच्या पुढं गुडघा टेकून त्यानं आपली तपकिरीची बाटली दोन्ही हातांत धरून पुढं केली. मामंजींनी आपली त्याला दिली. दोघांनी एकमेकांची तपकीर हुंगली, जनावरं बरी आहेत का, शरद बरा चाललाय का, असं विचारलं. बरा चाललाय, म्हणाले. दोघांचाही बरा चालला नव्हता, पण विचारायचं तसंच असतं.

यांजमानं चरवी माझ्या हातात दिली. इतकी जड की माझा हात खाली गेला. फडक्याची गाठ सोडली आणि पांढरी, ओलसर, कडू वासाची माती दिसली. दार उघडं होतं. वाऱ्यावर तो वास गेला असणार, कारण वाड्याकडच्या मेंढ्या एकदम ओरडल्या आणि सगळा कळप दारापर्यंत धावत आला. एक म्हातारी मेंढी तर आत शिरून शागदारच्या मांडीवरच चढली.

शागदारनं तिला ढकललं, आणि ढकलताना त्याची नजर यांजमाच्या हातांवर पडली. चिंध्या तिनं येताना काढून टाकल्या होत्या. तिनं हात बाहीत ओढून घेतले, पण तोवर त्यानं पाहिलं होतं. मग त्यानं माझे हात पाहिले. दोघींचे सारखेच सोललेले होते. दोराचे वळ कसे दिसतात ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

तो उठला. पेटीमागं वाकून त्यानं पोहरा काढला आणि सगळ्यांच्या देखत, कुणाकडं न बघता बाहेर गेला. घोड्याच्या टापा विहिरीकडं गेल्या. टापा परत आल्या तेव्हा मामंजींनी वाटी पुढं केली.

"ओत आता. हात बघ कसा नाचतोय."

त्यांनी लागोपाठ चार वाट्या घेतल्या. शागदार आपल्या जागी बसला, बराच वेळ दोर वळत राहिला. शेवटी त्यानं रेंचिनला विचारलं, किती दिवस थांबायचा विचार आहे.

"बर्फ पडेपर्यंत, दादा. मग कुठं जायचं ते मलाही माहीत नाही. जिथं गवत आहे तिथं माणसं आहेत."

शागदारनं दोराला पीळ दिला. "जिथं पाणी आहे तिथं माणसं आहेत," तो म्हणाला. "गवत तर आणखी एका ठिकाणी आहे."

मी त्याच्याकडं बघत राहिले. वरच्या पठाराचं तो कुणाला सांगेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आमच्या टेकडीमागं दोन दिवसांच्या चढावर ते पठार आहे. तिथं विहीर नाही, झरा नाही, म्हणून उन्हाळ्यात कुणी जात नाही आणि गवत गुडघाभर उभंच राहतं. बर्फ पडला की मात्र जनावरं बर्फच खातात, त्यांना पाणी लागत नाही. मामंजींनी ते शागदारला दाखवलं होतं, अगदीच गळ्याशी आलं तर असावं म्हणून. आता शागदारनं चुलीच्या राखेशेजारी जमिनीवर बोटानं वाट काढून दाखवली: कुठं घळ आहे, कुठं डावीकडं वळायचं, वाऱ्याच्या आड गेर कुठं उभी करायची. रेंचिन वाट पाठ करत होता, ओठ हलवत. मामंजी नुसतं ऐकून मधूनच वाटेवरची एखादी खूण दुरुस्त करत होते. कुणी आभार मानले नाहीत.

मग बर्फाची वाट बघणं सुरू झालं. आयुष्यात मी कधी बर्फाची इतकी वाट बघितली नव्हती. रोज सकाळी दार उघडून आधी वर बघायची. आभाळ निळं, कोरडं, निर्लज्ज. सपाटीवरचं गवत तर जमिनीला टेकलं होतं. रेंचिन शब्दाला जागला. मेंढ्या उपाशी ओरडायच्या, पण उताराच्या कडेला त्यानं दगडांची रांग मांडली आणि स्वतः तिच्यावर उभा राहायचा. दोघा पुरुषांनी मिळून विहिरीतला गाळ काढला. यांजमा माझ्याबरोबर शेणी वेचायची. मी तिला रोज तांब्याभर दूध द्यायची आणि ती रोज काहीतरी परत आणायची, कधी वळलेला दोर, कधी शिवलेला जोड्याचा तळ. मी कधी नको म्हटलं नाही. हातांवर ती मेंढीची चरबी चोळायची आणि साल भरून येत होती.

वाट बघायला लागल्याच्या अठराव्या दिवशी सकाळी मामंजी म्हणाले, कान बंद झाल्यासारखे वाटतायत. मी दार उघडलं. वारा नव्हता. खोरं, विहीर, डोणी, उतार, सगळं घोट्याइतकं पांढरं झालं होतं आणि अजून पडत होतं. मी दारात उभी राहून मोठ्यानं हसले. शागदार पाठीमागून येऊन उभा राहिला, म्हणाला, दार लाव, बाई, गारठा येतोय, आणि स्वतः मात्र दार सोडून हलला नाही.

त्यांची गेर उतरायला दुपार झाली. मी चहा ठेवला. मांस घातलं, लोणी घातलं. चरवी भरत होते तोच शागदारनं ती माझ्या हातातून घेतली. बाहेर जाऊन, वाटेच्या कडेला, जिथून उंट जाणार तिथं तो चरवी कवेत धरून उभा राहिला. टोपीवर बर्फ साचला तरी झटकला नाही. मी मामंजींचा हात धरून मागं उभी होते.

उंट आले. लंगडा आता बरा चालत होता. मोटरसायकल त्यांनी आमच्या वाड्यात ठेवली होती. उंट बसवून दोघं खाली उतरली. शागदारनं दोन्ही हातांनी वाटी आधी यांजमाला दिली, मग रेंचिनला. बर्फ वाट्यांत पडत होता आणि विरघळत होता. पिऊन झाल्यावर यांजमानं चरवी घेतली आणि ती लगेच परत देता यावी म्हणून उरलेला चहा वाटीत ओतायला लागली. शागदारनं झाकण लावलं. मग नमद्याचा तुकडा गुंडाळून त्यानं चरवी पुढच्या उंटाच्या ओझ्यात दोरीनं बांधली.

"दादा, ही तर वहिनींची," रेंचिन म्हणाला.

"माहिती आहे कुणाची ते. वाटेत थंडी आहे. चहा संपला की भांडं आणून द्या."

"कधी आणू?"

"हिवाळा काढा आधी. कोकरं झाली की आणा." गाठ आवळता आवळता तो म्हणाला, "आणि रिकामी आणू नका."

मामंजी हसले. यांजमा हसली आणि या वेळी तिनं ओठांना हात लावला नाही. उंट उठले. मी ओगराळ्यात दूध घेऊन त्यांच्या मागं चार पावलं गेले आणि ते चारी बाजूंना शिंपडलं, वाट बरी जावी म्हणून. ते टेकडीमागं जाईपर्यंत आम्ही तिघं तिथंच होतो. वरच्या उतारावर आमचं गवत बर्फातून टोकं काढून उभं होतं.

त्या हिवाळ्यात आम्ही चेपलेल्या किटलीतला चहा प्यायलो. शागदार एकदाही पत्र्याचा वास येतो म्हणाला नाही.